चॅम्पियन येणार म्हणून सारवलं

मारेगावात इनडोअर फुटबॉल कशासाठी, असं विचारणाऱ्या माणसाला मी मे महिन्यातल्या भर दुपारी शाळेच्या मैदानावर नेऊन उभं करते. उत्तर त्याचं त्याला मिळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात जे काय करायचं ते छपराखाली, मग ते लग्न असो, भांडण असो की फुटबॉल.

छप्पर होतं बापूजींच्या जिनिंगचं. बापूजी आमचे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे आणि हेका त्याच्याही पुढे. कापसाचा हंगाम आटोपला की त्यांचं गोदाम रिकामं पडतं. वर उंच पत्रे, खाली सिमेंटचा कोबा, मधे एकही खांब नाही. माझी समीक्षा आणि तिच्या मैत्रिणी तिथे खेळू लागल्या. एका बाजूला पाचच जणी, गोल लहान, चेंडू जड आणि कमी उसळणारा. समीक्षा गोलकीपर. गोल मारणारी अंजू, जवळच्या बंजारा तांड्यावरची. ही पोरगी दिसायला काडी, पण तिने मारलेला चेंडू पत्र्याला लागला की अर्ध्या गावाला गारपीट झाल्यासारखं वाटायचं.

या खेळाची देशातली सगळ्यात वरची एक लीग आहे. पोरींना त्यात शिरायचं होतं. नव्या संघासाठी अटी दोन. एक, स्वतःचं बंदिस्त मैदान हवं. दोन, त्या मैदानावर गेल्या वर्षीच्या चॅम्पियन संघाशी एक पूर्ण सामना खेळायचा आणि त्यात निदान एक गोल करायचा. जिंका असं कोणी म्हणत नव्हतं, तेवढी माणुसकी त्यांच्याकडे होती. पण एकही गोल झाला नाही तर पुढची तीन वर्षं दार बंद. तीन वर्षांत आमच्या पोरी कुठल्या कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अंजूला तर पुण्याचा एक संघ एकटीला न्यायला तयार होता. तिने सांगून टाकलं होतं, "मी मारेगावकडून खेळीन. नाही तर याडीसोबत वावरात जाईन." याडी म्हणजे तिची आई, सुखीबाई. तिने हे ऐकून कपाळावर हात मारला होता.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मी, निशिगंधा आवारी, एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, आणि चेंडूपेक्षा फाइल जास्त लांब फेकू शकते. मी यात पडले ती एका फोनमुळे. अटी नीट विचाराव्यात म्हणून लीगच्या ऑफिसला फोन लावला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नागपूरच्या नावाने खेळा ना. मारेगाव लोकांनी नकाशात कुठे शोधायचं?"

मी फोन ठेवला. त्या क्षणापर्यंत हा पोरींचा प्रश्न होता, त्यानंतर तो माझा झाला. आमचे हे शिक्षक आहेत, आणि मास्तरांना शांतता प्रिय असते. ते म्हणाले, "कायले डोक्याले ताप करून घेते?" शेजारच्या संगीताने कबड्डीचा सल्ला दिला, कारण त्यात चेंडू लागत नाही. बापूजी म्हणाले, "फुटबॉल घरात खेळतात काय वं? उद्या मनसीन विहिरीत क्रिकेट खेळतो." पण गोदाम दिलं. वर बजावलं, "पत्रा फुटला तर तूच चढशीन वर."

पहिली पायरी होती गोदामाचा दाखला. लीगला ते क्रीडागृह आहे असा सरकारी कागद हवा होता. आता कचेरी म्हणजे माझं माहेर. मी रुबाबात गेले. टेबलामागचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "उद्या या." मी आयुष्यभर लोकांना 'उद्या या' म्हणत आले आहे, पण त्यालाही एक रीत असते. चष्मा काढावा, खेद दाखवावा, पंख्याकडे बघून सुस्कारा सोडावा. हा मुलगा नुसता म्हणाला. आमच्या खात्यात काही संस्कार उरले नाहीत, ही खंत घेऊन मी घरी आले.

उद्या गेले तेव्हा कळलं की कॉम्प्युटरात क्रीडागृह असा प्रकारच नाही. गोदाम आहे, गोठा आहे, मंगल कार्यालय आहे.

"यातलं काय लिहू मॅडम?"

"मंगल कार्यालय," मी म्हणाले. गोठ्यापेक्षा ते बरं.

"मंग लग्नाची तारीख सांगा. वधू कोण, वर कोण?"

"वर नाही. दोन्हीकडून वधूच आहेत. पाच इकडून, पाच तिकडून."

त्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. दाखला मिळाला. लीगने तोही चालवून घेतला, बहुधा तिकडे तो कोणी वाचलाच नाही. सामन्याची तारीख ठरली आणि नियमांची पुस्तिका आली. त्यात मैदानाबद्दल लिहिलं होतं: मैदान सपाट, गुळगुळीत आणि अंगाला न खरचटणारे असावे. लाकूड अथवा अन्य योग्य पृष्ठभाग चालेल. सिमेंट टाळावे.

सिमेंट टाळावे! आमचं सगळं गोदाम कोब्यावर उभं आणि म्हणे टाळावे. पोरींचे गुडघे मात्र त्या पुस्तिकेच्या बाजूने होते. अंजूच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या, आणि समीक्षाच्या कोपरांकडे तर मला बघवत नव्हतं.

मी अक्षयकडे गेले. अक्षयचं बिछायत केंद्र आहे. गावातली प्रत्येक सतरंजी, खुर्ची आणि भगोणं त्याच्याकडून येतं. लग्नात अंथरतात ती हिरवी मॅट त्याने कबूल केली. पेंटरकडून कोब्यावर पांढऱ्या रेषा मारून घेतल्या होत्या, मॅटवर चुन्याने मारू म्हटलं. सगळं जमलं होतं. आदल्या दिवशी सकाळी अक्षय दारात उभा राहिला, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत.

"काकू, मॅट नाही जमत. उद्या दाट तीथ आहे. इकून तिकून लग्नच लग्न. एकेका मॅटचे दोन दोन तुकडे करून पाठवून राह्यलो."

"अरे, पण तू शब्द दिला होता!"

"दिलता. पण मॅच ठरवताना तुमी पंचांग कायले नाही पाह्यलं?"

चूक माझीच होती. ऐन लग्नसराईत कुणी कॅलेंडर बघून तारीख काढतं का? मुंज, वास्तू, बोअरवेल, सगळ्याला आम्ही पंचांग बघतो. देशाच्या चॅम्पियनना बोलावताना मात्र विसरलो. मी ठरवलं, कोबा तर कोबा. पेंटरच्या रेषा आहेत, पाणी मारून स्वच्छ झाडून घेऊ आणि लीगच्या साहेबांशी भांडू. भांडण मला येतं.

चॅम्पियन गोव्याच्या होत्या. अख्ख्या मोसमात एकही सामना न हरलेल्या. जवळच्या वणीत मुक्काम केला होता. सकाळी मी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले. सोबत लीगचे निरीक्षक होते. शिट्टीही त्यांच्याच गळ्यात, म्हणजे सामना खेळवणारे तेच आणि मैदान पास-नापास करणारेही तेच. वाटेत मी त्यांना आमच्या अद्ययावत क्रीडागृहाबद्दल सांगत होते. हवेशीर, प्रशस्त, खांबविरहित. माझ्या अंगावर नवी इरकल होती. जिनिंगच्या फाटकाशी सनईची कॅसेट लावली होती. मी पुढे होऊन गोदामाचं दार दोन्ही हातांनी उघडलं आणि म्हणाले, "या!"

आधी वास आला.

मग दिसलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळा कोबा ताज्या शेणाने सारवलेला. हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांची एकसारखी नक्षी. पेंटरच्या रेषा खाली गडप. त्यांच्या जागी रांगोळी. मधल्या वर्तुळात आठ पाकळ्यांचं कमळ, चारी कोपऱ्यांत स्वस्तिक, आणि दारापासून थेट गोलपर्यंत लक्ष्मीची पावलं. मधोमध बापूजींची बायको वच्छलामावशी आणि अंजूची आई सुखीबाई पदर खोचून उभ्या होत्या. दोघींचे हात कोपरापर्यंत हिरवे आणि चेहरे कौतुकाची वाट बघणारे.

"मावशी!" मी म्हणाले.

"काहून? पाहुणे येऊन राह्यले अन् थो भकास कोबा तसाच ठेवतो काय? पहाटपासून लागलो आमी. चार घरचं शेण आणलं."

मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं, पण धरणी नुकतीच सारवलेली होती. मी तोंड उघडलं. मी मावशीला चार शब्द सुनावणारच होते. तेवढ्यात निरीक्षक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, हा काय प्रकार आहे? मी सामना रद्द करतो. अशा गावांना लीगच्या जवळ येऊ देऊ नये, हे मी मीटिंगमध्ये सांगितलंच होतं."

माझं तोंड उघडं होतंच, त्यातून निघालेलं सगळं मावशीकडे न जाता तिकडे वळलं. वच्छलामावशीला बोलायचं असेल तर मी बोलेन. ती माझी शेजारीण आहे. वणीहून गाडीत बसून आलेल्या माणसाने बोलायचं कारण नाही.

"साहेब, पुस्तिका काढा."

"अहो, पण—"

"काढा. मैदान सपाट असावे. आहे? गुळगुळीत असावे. हात फिरवा. घाबरू नका, वाळलंय, मे महिना आहे. अंगाला खरचटणारे नसावे. अंजू, इकडे ये. घसर!"

अंजू धावत आली आणि त्या सारवणावरून गुडघ्यावर सरकत गेली, पार साहेबांच्या बुटांपर्यंत. उभी राहिली आणि गुडघे दाखवले. जुन्या खपल्या जागच्या जागी, नवा ओरखडा एकही नाही.

"आता पुढचं वाक्य मोठ्याने वाचा," मी म्हणाले.

साहेबांनी ते मनातच वाचलं. मग मीच मोठ्याने वाचलं, "सिमेंट टाळावे. टाळलंय, साहेब. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाळलंय. शेण चालणार नाही असं कुठे छापलं असेल ते दाखवा, मी आत्ता सगळं खरवडून देते."

साहेब पानं उलटू लागले. तोवर गोव्याच्या कप्तानने बूट-मोजे काढले, अनवाणी दोन पावलं टाकली आणि हसली. "आमगेरूय आजी अशेंच सारयता," ती म्हणाली. मला कोकणी येत नाही, पण वच्छलामावशी लगेच म्हणाली, "पाय, हिले समजलं!" आणि त्या देशाच्या चॅम्पियनच्या गालावरून हिरवा हात फिरवला.

साहेब म्हणाले, "सामना होऊ द्या. मैदानाचं काय लिहायचं ते मी नंतर बघतो." त्यांच्या आवाजावरून काय लिहिणार ते कळत होतं.

सामना संध्याकाळी होता. मधे जेवण होतं, आणि ते मावशीच्या ताब्यात होतं. आमच्याकडे मे महिन्यात पाहुणा आला की आमरस आणि सरगुंडे. कणकेचे बारीक वेटोळे काडीवर वळून वाळवायचे, उकडायचे आणि रसात बुडवून खायचे. गोव्याची कोच सांगत होती की सामन्याआधी मुली हलकं खातात. मावशीने तिच्याच वाटीत आणखी रस ओतला. चॅम्पियन झाल्या म्हणून काय झालं, आग्रह मोडायची हिंमत त्यांच्यात नव्हती. सगळ्यात जास्त साहेबांनी खाल्लं आणि कूलरपुढे ते घोरत पडले. नंतर गावात कोणीतरी म्हणालं की निशिगंधाबाईने मुद्दाम जड चारलं. हे धादांत खोटं आहे. मला सुचलंच नव्हतं.

आणि त्या रसाचा उपयोगही झाला नाही. इतकं खाऊनही त्या पोरी अशा खेळल्या की मला चेंडू दिसेचना. मध्यंतरापर्यंत चार गोल. समीक्षा डाव्या-उजव्या उड्या घेत होती. दहा अडवायची तेव्हा एक जायचा. तिच्या कोपराला काही लागत नाही हे बघून तेवढं बरं वाटत होतं. खेळ थांबला की वच्छलामावशी रांगोळीचा डबा घेऊन आत धावायची, कारण रेषा पुसल्या जायच्या. साहेब ओरडायचे, "आजी, सरळ रेषा!" मावशी सरळच काढायची, पण शेवटी एक वेलबुट्टी दिल्याशिवाय तिचा हात थांबायचा नाही. दुसऱ्या गोलनंतर पेनल्टीच्या जागेवर मोर आला होता. बापूजी खुर्चीवरून निकाल सांगत होते, "आपण हरून राह्यलो, पण दिसते मस्त."

मध्यंतरात बघितलं तर समीक्षाच्या उड्यांनी तिच्या गोलसमोरचं सारवण पोपडे होऊन उखडलं होतं. खालचा कोबा दिसत होता. साहेब तिकडे बोट दाखवणार, तोच सुखीबाई बादली घेऊन आली आणि मावशीने गोलच्या आत-बाहेर ताजा हात फिरवला. वर रेष ओढली. बाजू बदलल्या आणि त्या ओल्या गोलमध्ये गोव्याची गोलकीपर जाऊन उभी राहिली. तिने बूट वर करून तळवा बघितला.

दुसऱ्या अर्ध्यात आणखी तीन झाले. वेळ संपत आली. मला घड्याळाकडे बघवेना. आमचा एकही नव्हता. बाजूला सुखीबाई पुटपुटत होती. मला तिची बोली पुरती येत नाही, पण ती सेवालाल महाराजांना काय मागते आहे हे कळायला बोली यावी लागत नाही. मी तिचा हात धरला. शेणाचा होता, आता काय फरक पडत होता?

समीक्षाने एक अडवला आणि थेट लांब फेकला. अंजूने तो छातीवर घेतला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि मारला. चेंडू वरच्या दांड्याला खालून लागला, सरळ खाली आदळला आणि बाहेर आला. गोलकीपरने तो उचलून पोटाशी धरला.

"गोल!" सगळं जिनिंग ओरडलं.

साहेबांनी हात हलवला. "रेषेवर पडला. गोल नाही. खेळा!"

अंजू जागीच उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मी नव्या इरकलीसकट मैदानात शिरले. असं शिरायचं नसतं हे मला ठाऊक होतं. साहेब शिट्टी वाजवत राहिले. मी सरळ गोलपाशी गेले, माझ्यामागे मावशी, तिच्यामागे गाव.

रांगोळीची रेष शाबूत होती. एक कणही हललेला नव्हता. आणि तिच्या आतल्या बाजूला, चांगलं वीतभर आत, ओल्या सारवणात चेंडूचा गोल गरगरीत ठसा.

"साहेब, वाका जरा," मी म्हणाले.

"हे... हे कशाचंही असू शकतं."

"म्या आत्ताच हात फिरवला होता," मावशी म्हणाली. "सारवताना खड्डा ठेवणारी मी आहे काय?"

मग गोव्याची कप्तान पुढे आली. तिने आपल्या गोलकीपरच्या हातातून चेंडू घेतला आणि फिरवून दाखवला. एका अंगाला शेण होतं. ती बाजू खाली धरून तिने तो हळूच ठशात ठेवला. बरोबर बसला. ती साहेबांकडे वळून म्हणाली, "गोल है, सर."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, गावाकडे बघितलं. शिट्टी वाजवली आणि हात मधल्या कमळाकडे केला.

सात एक. इतक्या आनंदाने हरलेली माणसं त्या कप्तानने पाहिली नसतील. बापूजींनी टोपलं मागवून त्या ठशावर उपडं घातलं आणि उरलेला वेळ ते तिथेच खुर्ची टाकून बसले, गोलच्या आत. साहेब त्यांना उठवू शकले नाहीत. अंजूला सुखीबाईने घट्ट धरलं तेव्हा तिच्या जर्सीवर दोन हिरवे पंजे उमटले. ती जर्सी तिने अजून धुतलेली नाही.

जूनमध्ये लीगचं उत्तर आलं. संघ मंजूर. संघाचं नाव: मारेगाव. मी ते कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं, 'उद्या या'वाल्या मुलालाही बोलावून. खाली शेरा होता. पृष्ठभाग: समाधानकारक. रेषा: स्पष्ट, मोर टाळावा. मग मी त्या गोड आवाजाच्या बाईला फोन लावला. नकाशात सापडलं का, एवढंच विचारलं.

पहिला सामना गोव्यात आहे, चॅम्पियनच्याच हॉलमध्ये. लाकडी फरशी, चकचकीत. समीक्षाने मोबाइलवर फोटो दाखवला. वच्छलामावशीने तो दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"आपण पाहुणे म्हणून जाऊन राह्यलो नं?" ती म्हणाली. "मंग थे लोकं सारवून ठेवतीन का वं, का मी येतो?"

मी तिचं तिकीट काढलं.